राखोळीची गुरे आणि घरची जात

लातूर जिल्ह्यातील देवणी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते जनावरांमुळे. गावाच्या नावाने गोवंशाची एक जात ओळखली जावी, हे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला येते. अंगाने पांढरा आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा तो वानेरा, सगळाच पांढरा तो बालंक्या आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेला तो शेवेरा, असे या जातीचे तीन प्रकार इथला जुना शेतकरी लांबूनच ओळखतो. काळ्या, भारी जमिनीत औत ओढणारा बैल आणि घराला दूध पुरवणारी गाय, अशी दोन्ही कामे ही जात करते. सीमेपलीकडे बीदरकडेही तिचा तेवढाच लौकिक आहे.

या जातीची एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. ती मुळातून एकट्या या मातीतली नाही. गुजरातकडची गीर, सह्याद्रीच्या अंगाची डांगी आणि या भागातली गावठी जनावरे यांच्या मिश्रणातून ती घडली, असे जाणकार सांगतात. म्हणजे रक्त बाहेरून आले. पण कोणता वळू राखायचा, कोणता बाजारात न्यायचा, कोणती कालवड घरी ठेवायची, हे इथल्या शेतकऱ्याने ठरवले. पिढ्यान्‌पिढ्या ते ठरवत गेल्यावर बाहेरून आलेल्या रक्ताला इथले नाव मिळाले. आज कोणी देवणी बैलाला परका म्हणत नाही.

आता त्याच देवणीच्या रस्त्यावर उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारी पाहाव्यात. कुणाच्या नाकावर जपानी नाव, कुणाच्या कोरियन, मधूनच एखादे जर्मन. त्यांतल्या बहुतेक गाड्या भारतातच तयार झालेल्या असतात, काही तर आपल्या महाराष्ट्रातच. त्या बांधणाऱ्या हातांत लातूर-नांदेडकडचे हातही असतात. मग प्रश्न असा पडतो, की गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बाहेरून आलेल्या या उद्योगाचे आपण काय केले? देवणीसारखी त्याची जात घडवली, की दुसऱ्याची गुरे राखोळीने सांभाळली?

खेड्यातल्या वाचकाला राखोळी समजावून सांगायला नको. शहरातल्या वाचकासाठी सांगायचे तर, जनावर दुसऱ्याचे, गोठा आपला, चारापाणी आपण करायचे आणि त्याबद्दल ठरलेला मोबदला घ्यायचा, ही ती व्यवस्था. तीत वाईट काही नाही. अडल्या वेळी तिने अनेक घरे तारली आहेत. पण राखोळीचे जनावर मालक केव्हाही सोडून नेतो, आणि त्याची वासरे आपली नसतात.

दारे उघडली तेव्हा

महाराष्ट्राला मोटार उद्योग नवा नाही. सोलापूरच्या मातीत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जोडणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि त्यातून पुढे ‘पद्मिनी’ मुंबईच्या रस्त्यांवर आली. ती जुनीच राहिली, कारण परवाना-पद्धतीच्या भिंतीआड तिला बदलण्याची गरज नव्हती. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबणारे गिऱ्हाईक असताना नवी गाडी काढण्याचा त्रास कोण घेईल? त्या बंदिस्तपणाचे आज कोणी गोडवे गाऊ नयेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली तेव्हा लोक हळहळले. ती हळहळ आठवणींची होती, गाडीच्या गुणांची नव्हे.

भिंतीला पहिले खिंडार पडले १९८३ च्या डिसेंबरात, सरकारी मारुती आणि जपानची सुझुकी यांच्या भागीदारीतून छोटी मारुती बाहेर पडली तेव्हा. १९९१ साली अर्थव्यवस्था खुली झाली आणि १९९३ साली मोटारींच्या निर्मितीवरील परवान्याची अट उठली. मग जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांची रीघ लागली, आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्राकडे वळला. मर्सिडीज-बेंझ १९९५ साली पुण्यात आली. फोर्डने महिंद्राशी हातमिळवणी केली आणि १९९६ साली नाशिकमध्ये ‘एस्कॉर्ट’ बनू लागली. फ्रान्सच्या प्यूजोने प्रीमियरबरोबर कल्याणला ‘३०९’ ही गाडी काढली.

यांतले पुढे काय टिकले ते पाहण्यासारखे आहे. प्यूजोची भागीदारी १९९७ पर्यंत आटोपली. फोर्डने आपला मोठा कारखाना चेन्नईजवळ उभारला, महिंद्राची साथ सोडली आणि २०२१ साली भारतात गाड्या बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. विशेष म्हणजे प्यूजो आणि फियाट या दोन्ही घराण्यांचे २०२१ साली एकाच जागतिक कंपनीत विलीनीकरण झाले आणि पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला त्या कंपनीचा टाटांबरोबर भागीदारीतला कारखाना आहे. कल्याणहून गेलेले घराणे अशा रीतीने दुसऱ्या नावाने रांजणगावात दाखल झाले. मालकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे कल्याणच्या जुन्या कामगाराला कसे कळावे?

तळेगावचा धडा

या उद्योगाचा स्वभाव समजून घ्यायचा तर पुण्याजवळच्या तळेगावाकडे पाहावे. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एक असलेल्या जनरल मोटर्सने २००८ साली तिथे कारखाना सुरू केला. सरकारने जमीन दिली, सवलती दिल्या, रस्ते केले. २०१७ च्या अखेरीला कंपनीने भारतातली विक्री बंद केली. कारखाना मात्र निर्यातीसाठी चालू राहिला. मग २०२० च्या डिसेंबरात तोही थांबला. कारखाना विकत घेण्याचा करार चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी २०२० च्या सुरुवातीलाच झाला होता, पण त्याच वर्षी सीमेवर तणाव वाढला, चिनी गुंतवणुकीचे नियम कडक झाले आणि २०२२ साली तो करार बारगळला. शेवटी २०२३ साली कोरियाच्या ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ साली तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या.

कागदावर ही कथा सुखान्त दिसते. कारखाना गेला, कारखाना आला. पण मध्ये जी वर्षे गेली, त्यांत चौदाशेच्या आसपास कामगार कामाविना होते, न्यायालयांच्या पायऱ्या चढत होते. कामगाराचे वय यंत्रासारखे झाकून ठेवता येत नाही. तिशी ओलांडलेला, गृहकर्जाचे हप्ते भरणारा, मुलाला शाळेत घातलेला माणूस तीन-चार वर्षे थांबला, की बाजारात त्याची किंमत उतरलेली असते. यंत्रे नव्या मालकाला मिळाली, जमीन मिळाली. माणसे तेवढ्या सहजतेने कोणी घेत नाही.

हे निर्णय कुठे झाले? कंपनीचे निर्णय अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये झाले, करार मोडण्याची कारणे हिमालयाच्या सीमेवर घडली आणि नवा मालक सेऊलहून आला. तळेगावात फक्त परिणाम झाले. जागतिकीकरण म्हणजे काय, याची यापेक्षा सोपी व्याख्या मला तरी सापडत नाही: कारण एका खंडात आणि परिणाम दुसऱ्या खंडात.

आमच्या भागाचा वाटा

मराठवाड्यात या उद्योगाचा लाभ मुख्यतः औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला झाला. वाळूजला बजाज आला, त्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो कारखान्यांची वस्ती झाली. २००१ साली शेंद्र्याला चेक प्रजासत्ताकाची श्कोडा आली. दुष्काळी आणि निजामी राजवटीत मागे राहिलेल्या प्रदेशात युरोपीय मोटार जोडली जाऊ लागली, ही बाब लहान नव्हती. २०१० साली शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या, तेव्हा देशभर त्या बातमीचे कौतुक झाले. कौतुक करणाऱ्यांचा सूर असा होता की मराठवाडा पोचला. पण गाडी विकत घेण्याची ऐपत येणे आणि गाडी घडवण्याची विद्या येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका पिढीत येते आणि एका पिढीत जाते.

जोडणी आणि निर्मिती यांतला फरक किती महत्त्वाचा आहे, हे २०२४ साली कस्टम्स खात्याने श्कोडा-फोक्सवॅगनला दिलेल्या नोटिशीवरून दिसले. गाड्या जवळजवळ पूर्ण सुट्या स्वरूपात आणून त्यांची नोंद वेगवेगळे भाग म्हणून केली, त्यामुळे ३० ते ३५ टक्क्यांऐवजी ५ ते १५ टक्केच जकात भरली गेली, असा सरकारचा आरोप होता. मागणी होती १.४ अब्ज डॉलर्सची. कंपनीने आरोप नाकारले आणि मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम. आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की ‘इथे बनलेली गाडी’ या शब्दांत काय काय मावू शकते, यावर अब्जावधींचा वाद उभा राहतो. मग मंत्र्यांच्या भाषणातले ‘इथे बनलेली’ हे शब्द आपण किती विश्वासाने घ्यायचे?

औरंगाबादला निदान जोडणी तरी मिळाली. लातूर, उदगीर, निलंगा, देवणी या पट्ट्याला काय मिळाले? शोरूम मिळाल्या, कर्जाचे मेळावे मिळाले आणि पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बसगाड्या मिळाल्या. आयटीआयचा फिटर, वेल्डर किंवा डिझेल मेकॅनिकचा दाखला खिशात घालून चाकण, रांजणगाव, तळेगावला जाणारा मुलगा आता गावोगावी आहे. आधी तो ‘शिकाऊ’ असतो, मग ठेकेदाराकडे. पाच-सहा जण मिळून एक खोली, पाळीपाळीने झोप, कारण कामही पाळीचेच. ठरावीक महिन्यांनी ठेका बदलतो, कधी मुलगा बदलतो. दहा वर्षे मोटारी जोडूनही त्याच्या हाती ‘अमुक कंपनीत होतो’ असे सांगणारा कागद नसतो. कागद ठेकेदाराच्या नावाचा असतो.

गावात त्याच्या लग्नाची बोलणी होतात तेव्हा मुलीकडचे एकच विचारतात, “पोरगा परमनंट आहे का?” अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांनी जो प्रश्न दहा प्रकरणांत मांडला, तो देवणीच्या एखाद्या मामाने चार शब्दांत विचारलेला असतो. या एका प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे येते, हीच आपल्या औद्योगिक प्रगतीची दुखरी नस आहे.

दुसरी बाजू

आता कोणी म्हणेल, हा सगळा तक्रारीचा पाढा झाला. या उद्योगाने काही दिलेच नाही काय? दिले, आणि पुष्कळ दिले. रात्री अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीत घालून उदगीरला न्यायचे दिवस गेले, ते वाहनांमुळेच. स्पर्धा आली म्हणून गाड्या सुरक्षित झाल्या, कमी इंधनात चालू लागल्या. २०२२ साली भारताने जपानला मागे टाकले आणि मोटारींची जगातली तिसरी मोठी बाजारपेठ होण्याचा मान मिळवला. देशात वर्षाकाठी सुमारे ५० लाख प्रवासी गाड्या तयार होतात आणि त्यांतल्या सात लाखांहून अधिक परदेशी जातात. चाकणमध्ये महिन्याला मिळणारा पगार, ठेक्याचा का असेना, कोरडवाहू तीन एकरांवर मिळत नाही, म्हणून तर मुलगा जातो. कारखाने नकोत, असे सांगणारा माणूस त्या मुलाला काय देणार, हेही त्याने सांगितले पाहिजे.

शिवाय, ज्यांनी शिकायचे ठरवले ते या संपर्कातून शिकले, हेही खरे. फोर्डबरोबर नाशिकात काम केलेल्या महिंद्राने २००२ साली स्वतःची ‘स्कॉर्पिओ’ काढली. टाटांनी ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून पुण्यात आणला, उभा केला, आणि १९९८ साली ‘इंडिका’ बाजारात आणली. ज्या फोर्डने जगाला मोटार चालवायला शिकवले असे म्हणतात, तिच्याकडूनच टाटांनी २००८ साली जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. पुण्याच्या भारत फोर्जने घडवलेले भाग जगभरच्या मालमोटारींत बसतात. हे सगळे महाराष्ट्राच्या मातीत घडले. म्हणजे परदेशी रक्तातून घरची जात घडवणे अशक्य नाही.

ट्रॅक्टरचेच पाहा. देवणीचा बैल ज्याने गोठ्यातून बाहेर काढला, तो ट्रॅक्टर आपल्याकडे विदेशी तंत्रानेच आला. महिंद्राने १९६३ साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. ती अमेरिकन कंपनी १९८० च्या दशकात मोडीत निघाली. शिकणारा शिष्य मात्र ट्रॅक्टरच्या संख्येत जगात पहिल्या क्रमांकावर गेला. देवणी जातीची आणि या ट्रॅक्टरची गोष्ट एकच आहे. बाहेरचे घेतले, निवड आपली केली, नाव आपले झाले.

जगाचा अनुभव

इतर देशांचा अनुभवही हेच सांगतो. कोरियाची ह्युंदाई १९६७ साली स्थापन झाली, तेव्हा तिला मोटार बनवता येत नव्हती. ती फोर्डच्या ‘कॉर्टिना’ची जोडणी करत होती. १९७५ साली तिने ‘पोनी’ काढली. इंजिन जपानी, रेखाटन इटालियन, मार्गदर्शक ब्रिटिश. पण नाव आणि मालकी कोरियन. आज तीच ह्युंदाई चेन्नईत आणि तळेगावात आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात तिच्या भारतीय कंपनीने २७,८७० कोटी रुपयांचे भाग विक्रीला काढले. ते सगळे मूळ कोरियन कंपनीच्या मालकीचे भाग होते, त्यामुळे पैसाही तिच्याकडेच गेला. एके काळी दुसऱ्याची गुरे राखणारा आज आपली गुरे दुसऱ्यांकडे राखोळीला देतो आहे.

उलट ब्राझील पाहा. फोर्ड तिथे १९१९ पासून होती. शंभर वर्षांत ती त्या देशाचीच वाटू लागली होती. २०२१ च्या जानेवारीत तिने तिथले कारखाने बंद करत असल्याचे जाहीर केले. शंभर वर्षांची वस्ती एका पत्रकाने उठली. कामासारी या गावचा तिचा मोठा कारखाना पुढे चीनच्या बीवायडीकडे गेला. तळेगाव आणि कामासारी यांमध्ये समुद्र आहेत, पण कहाणी एकच आहे. मलेशियाने १९८३ साली ‘प्रोटॉन’ ही राष्ट्रीय मोटार कंपनी काढली, सरकारी संरक्षणात वाढवली. तीस-पस्तीस वर्षांनंतर, २०१७ साली, तिचा निम्मा हिस्सा चीनच्या गीलीला द्यावा लागला. म्हणजे नुसती भिंत बांधूनही चालत नाही. कोरियाने भिंत बांधली, पण भिंतीआडच्या कंपनीला परदेशी बाजारात जाऊन विकण्याची सक्ती केली. मलेशियाच्या कंपनीने घरच्या बाजारावरच भर ठेवला. आपल्या पद्मिनीचे तेच झाले होते. गोठ्यात बांधून फक्त खाऊ घातलेला वळू कामाला जुंपल्यावर दमतो, हे देवणीकरांना सांगायला नको.

आणि मालकी नसलेल्या श्रीमंत देशाचीही यातून सुटका नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ च्या ऑक्टोबरात टोयोटा आणि होल्डन यांनी आपले कारखाने बंद केले, फोर्ड आदल्या वर्षीच थांबली होती. विकसित म्हणवणाऱ्या त्या देशात मोठ्या प्रमाणावर मोटार बनवणारा एकही कारखाना उरला नाही. फरक एवढाच, की तिथे कारखाने बंद होणार हे काही वर्षे आधी सांगितले गेले आणि कामगारांना दुसरे काम शिकवण्यासाठी सरकारने पैसा ठेवला. कारखाना जाणे टाळता येत नसेल, तर निदान जाण्याची रीत तरी माणसाची असावी.

गोठ्यातला हिशेब

या सगळ्याचा देवणीच्या गोठ्याशी काय संबंध, असे वाटेल. पण संबंध आहे. २०१९ च्या पशुगणनेत, आधीच्या २०१२ च्या गणनेच्या तुलनेत, देशातील गोवर्गीय नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. सात वर्षांत दहामधले तीन बैल गेले. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, नांगरणी तासांत होते, बैलजोडीला वर्षभर चारा लागतो. शेतकऱ्याचा हा हिशेब चुकीचा नाही. पण बैल गेला तसे शेण गेले, घरची गाय गेली, आणि खर्च जो गावात फिरत होता तो डिझेल, सुटे भाग आणि कर्जाच्या हप्त्यांच्या रूपाने गावाबाहेर जाऊ लागला. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल विकला तर पैसा या घरातून त्या घरात जात असे. हप्ता भरला की तो जिल्ह्याबाहेर जातो.

एक साधा हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. अगदी साधी, चार लाखांची मोटार घ्यायची म्हटली तर ७५ क्विंटल सोयाबीन लागते, तेही हमीभाव खरोखर मिळाला तर. एकरी सात-आठ क्विंटल आले तरी दहा एकरांचे सगळे पीक झाले. बियाणे, खत, मजुरी, मळणी यांचा पैसा वेगळाच. आता त्या मोटारीची किंमत ठरवणारे कारखानदार आणि सोयाबीनची किंमत ठरवणारे शिकागो-ब्राझीलचे बाजार, दोघेही देवणीपासून दूर आहेत. पण एक फरक आहे. मोटारीवर दीर्घकाळ शंभर टक्क्यांच्या आसपास जकातीची छत्री होती. आयात खाद्यतेलाची जकात मात्र शहरातला महागाईचा आरडाओरडा वाढला की खाली येते आणि सोयाबीनचा भाव तिच्याबरोबर पडतो. कारखानदाराला छत्री आणि शेतकऱ्याला पाऊस, असा हा खुलेपणा आहे. २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी झालेल्या करारात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरील जकात १० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचे ठरले. मोटारीची छत्रीही आता मिटू लागली आहे. तेव्हा शेतकऱ्यानेच नव्हे, तर चाकणच्या कामगारानेही आभाळाकडे पाहायला शिकले पाहिजे.

आता लातूरच्या दारात

हे सगळे आज लिहिण्याचे निमित्त आहे. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. २०१८ च्या ३१ मार्चला त्याचे भूमिपूजन झाले, २०२० च्या २५ डिसेंबरला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. त्यानंतर २०२३ साली शयनयान ‘वंदे भारत’च्या १२० गाड्या, म्हणजे १,९२० डबे, बनवण्याचा करार झाला. तो करणाऱ्या कंपनीत रशियाचा टीएमएच हा समूह आणि आपल्या रेल्वेची आरव्हीएनएल ही कंपनी भागीदार आहेत. मोटार नसली तरी चाके आहेतच, आणि प्रश्न तोच आहे. शिवाय २०२४ साली टोयोटा किर्लोस्करने संभाजीनगरजवळ मोठ्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. विजेवर चालणाऱ्या वाहनांचे कारखानेही तिकडे येऊ घातले आहेत. म्हणजे मराठवाड्याच्या दारात ही संधी पुन्हा आली आहे.

संधी आली की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. सत्ताधारी किती हजार कोटी ते सांगतात आणि विरोधक कारखाना गुजरातला गेला की काय ते विचारतात. रोजगाराचा आकडा दोघेही सांगतात. पण तो रोजगार कोणाच्या नावाच्या कागदावर असेल, हे दोघेही सांगत नाहीत. वाचकहो, इथे आपले काम सुरू होते.

पहिली गोष्ट कागदाची. २०२५ च्या २१ नोव्हेंबरपासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांवर पुष्कळ टीका झाली आणि तीतला काही भाग रास्तही आहे. पण प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावे लागेल आणि ठरावीक मुदतीच्या कामगारालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळेल, या दोन तरतुदी आपल्या मुलांच्या कामाच्या आहेत. घरोघरच्या आईवडिलांनी मुलाला पगार किती हे विचारण्याआधी नियुक्तिपत्र आहे का, हे विचारावे.

दुसरी गोष्ट विद्येची. लातूरने शिक्षणात नाव कमावले. दहावी-बारावीचा ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. डॉक्टर आणि इंजिनिअर घडवणाऱ्या या पॅटर्नने आपल्या आयटीआयकडे मात्र पाठ फिरवली. डब्याच्या कारखान्याला लागणारे वेल्डर, इलेक्ट्रिशियन, तपासनीस देवणी-निलंग्याच्या आयटीआयमधून जाणार असतील, तर तिथली यंत्रे आजची हवीत. सवलती देताना सरकारने हीच अट घालावी: जमीन आणि वीज स्वस्तात हवी असेल, तर शेजारच्या आयटीआयमध्ये तुमची यंत्रे आणि तुमचे शिक्षक ठेवा.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. वाळूजचा खरा कणा बजाजपेक्षाही त्याच्याभोवतीचे छोटे कारखानदार आहेत. एक मोठा कारखाना गेला तरी ते दुसऱ्याला माल देऊ शकतात. २०२५ साली चीनने दुर्मीळ धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली तेव्हा विजेच्या गाड्या बनवणाऱ्यांची धांदल उडाली. चुंबक मुठीत मावेल एवढा, पण त्याच्यापायी उत्पादन अडते. जो भाग बनवतो तो मोलाचा, जो फक्त जोडतो तो बदलता येतो. लातूरला डबा आला, पण डब्याची आसने, खिडक्या, वायरी, पंखे कुठून येणार? ते उदगीर-लातूरच्या एमआयडीसीत बनणार नसतील, तर तो कारखाना ओसाड माळावर उभारलेला तंबू ठरेल.

चौथी गोष्ट जाण्याच्या रीतीची. कारखाना येताना करार होतो, तसाच जाण्याचाही व्हावा. किती दिवस आधी सांगणार, कामगारांना काय देणार, सवलतीतली जमीन परत कोणाकडे जाणार, हे पहिल्याच दिवशी लिहिलेले असावे. लग्नात सोडचिठ्ठीची भाषा अशुभ मानतात. पण व्यवहारात ती लिहून ठेवणारा शहाणा असतो.

जागतिकीकरण चांगले की वाईट, हा वाद आता जुना झाला. ते आले आहे आणि जाणार नाही. पाऊस चांगला की वाईट असे कोणी विचारत नाही, रान तयार आहे का एवढेच पाहतात. देवणीच्या शेतकऱ्याने शेकडो वर्षांपूर्वी गीर आणि डांगी नाकारली नाही आणि त्यांच्यापुढे मानही तुकवली नाही. त्याने निवडले, राखले, पारखले आणि आपल्या गावाचे नाव दिले. त्याला कोणी सामंजस्य करार शिकवला नव्हता. त्याच्याजवळ नजर होती आणि धीर होता.

पुढच्या वेळी कुठला मंत्री मराठवाड्यात हजारो कोटींच्या कारखान्याची घोषणा करील, तेव्हा टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण टाळ्या संपल्यावर एक प्रश्न विचारायला विसरू नये: वासरे कोणाची?